डायक्लोरोअ‍ॅसिटेट: एका साध्या संयुगाची मेंदूच्या गाठीपर्यंतची वाटचाल

डायक्लोरोअ‍ॅसिटेट हे व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाच्या कुळातले संयुग आहे. अ‍ॅसिटिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात. त्यांपैकी एकाला हायड्रोजनचे तीन अणू जोडलेले असतात. त्या तिघांतले दोन जाऊन त्यांच्या जागी क्लोरिनचे दोन अणू आले की डायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. या आम्लाचा सोडियमयुक्त क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. रसायनशाळांना हे संयुग एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन मिसळल्यावर पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याची प्रक्रिया होते आणि अत्यल्प प्रमाणात हे आम्ल आपोआपही तयार होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ठरवली आहे. त्याची घडण इतकी साधी आहे आणि त्यावर कोणाचीही मालकी नाही. २००७ च्या जानेवारीत कर्करोगावरचे औषध म्हणून त्याचे नाव जगभर गाजले. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीवरचे त्याचे परिणाम शोधण्याचे काम तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. डॉक्टर आणि संशोधक त्याला थोडक्यात डीसीए म्हणतात.

या कामाची मुळे १९२० च्या दशकातल्या बर्लिनमध्ये आहेत. डाहलेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो वारबुर्ग हे शास्त्रज्ञ पेशींच्या श्वसनाचे मोजमाप करत होते. त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. उंदराच्या शरीरातील गाठीचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ काप घ्यायचा, कारण त्याहून जाड काप घेतला तर आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. तो बायकार्बोनेट मिसळलेल्या क्षारयुक्त द्रावणात, बंद काचपात्रात ठेवायचा. पेशींनी लॅक्टिक आम्ल बाहेर टाकले की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पात्रातला दाब वाढतो आणि जोडलेल्या काचनळीतल्या द्रवाची पातळी सरकते. ही पातळी ठरावीक वेळाने टिपायची. या आकड्यांतून वारबुर्ग यांना दिसले की ऑक्सिजन भरपूर असतानाही गाठीची पेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल करते. निरोगी पेशी सहसा असे फक्त ऑक्सिजनच्या टंचाईत करतात.

हे कोड्यात टाकणारे होते, कारण हा मार्ग तोट्याचा आहे. ग्लुकोजचा एक रेणू केवळ लॅक्टिक आम्लापर्यंत मोडला तर पेशीला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे दोनच रेणू मिळतात. तोच मायटोकॉन्ड्रिया म्हणजेच तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळला तर सुमारे तीस मिळतात. झपाट्याने वाढणारी पेशी असा खर्चिक मार्ग का धरते? वारबुर्ग यांचे उत्तर ठाम होते. कर्करोगाच्या पेशीतली श्वसनयंत्रणा कायमची बिघडलेली असते आणि हा बिघाडच कर्करोगाचे मूळ कारण असतो, असे ते म्हणत. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक श्वसनविकरावरील कामासाठी मिळाले होते, पण कर्करोगाविषयीचे हे मत त्यांनी १९५६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पुन्हा तितक्याच जोराने मांडले. अमेरिकेतील सिडनी वाइनहाउस यांनी त्याच वर्षी त्याचा प्रतिवाद केला. अनेक गाठींमधल्या तंतुकणिका व्यवस्थित काम करतात, हा त्यांचा मुद्दा प्रयोगांवर आधारलेला होता. पुढे जनुकशास्त्राचा जमाना आला, कर्करोगाची कारणे जनुकांतल्या बदलांत सापडू लागली आणि वारबुर्ग यांचे निरीक्षण पाठ्यपुस्तकातल्या तळटीपेपुरते उरले.

निरीक्षण खरे आणि त्याचा अर्थ चुकीचा, असे विज्ञानात पुष्कळदा घडते. इथे निरीक्षण जिवंत ठेवले ते एका तपासणीने. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य प्रथमच माणसाला टोचले गेले आणि त्यातून आजची पेट स्कॅन तपासणी उभी राहिली. ज्या ऊती ग्लुकोज अधिक ओढतात त्या चित्रात उजळतात. जोव्हानी दि किरो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मेंदूच्या गाठींवर ही पद्धत वापरली. गाठ जितकी आक्रमक तितकी तिची ग्लुकोजची ओढ मोठी, असे त्यांनी १९८२ मध्ये दाखवले. ज्यांनी वारबुर्ग यांचे नावही ऐकले नव्हते असे डॉक्टर त्यांच्याच निरीक्षणावर रोज निदान करू लागले.

ग्लायोब्लास्टोमा ही या आक्रमक गाठींतली सर्वांत वाईट. हे नाव पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये मेंदूच्या गाठींची वर्गवारी करताना रूढ केले. तिच्या पेशी मेंदूच्या निरोगी भागात दूरवर शिरतात. त्यामुळे दिसणारी गाठ काढली तरी रोग मागे उरतो. वॉल्टर डँडी यांनी अशा गाठींसाठी मेंदूचा एक अख्खा अर्धगोल काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केल्याचे १९२८ मध्ये नोंदवले, तरीही गाठ परत आली. नंतरच्या ऐंशी वर्षांतली प्रगती किती तुटपुंजी होती हे २००५ च्या एका चाचणीवरून कळते. ५७३ रुग्णांच्या या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिन्यांची ही वाढ त्या वर्षी मोठे यश ठरली आणि ते खरोखरच यश होते. हाच उपचार पुढे जगभर रूढ झाला.

मेंदूच्या गाठीवर औषध देताना आणखी एक अडचण येते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातले बहुतेक औषधी रेणू पलीकडे जातच नाहीत. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. डीसीएचा रेणू फार लहान आहे आणि तो हा अडसर ओलांडतो. या एका गुणामुळे मेंदूच्या गाठींचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष पुढे त्याच्याकडे वळले. पण त्याआधी डीसीएचे आयुष्य दुसऱ्याच रोगांत गेले होते.

१९६२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एका क्षाराने मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर उतरते असे नोंदवले. त्या क्षारातला खरा कामाचा भाग डायक्लोरोअ‍ॅसिटेट आहे, हे १९७० च्या सुमारास पीटर स्टॅकपूल यांच्या कामातून पुढे आले. फ्लोरिडा विद्यापीठातल्या या डॉक्टरांनी पुढची चार दशके याच संयुगाचा पाठपुरावा केला. डीसीएविषयी माणसाच्या शरीरातली जी भरवशाची माहिती आज आहे, तिच्यातली बरीचशी त्यांच्या चिकाटीमुळे आहे. ते नेमके काय करते याचा उलगडा मात्र इंग्लंडमध्ये झाला. १९७३ मध्ये ब्रिस्टलच्या व्हाइटहाउस आणि फिलिप रँडल यांनी उंदराच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की डीसीए पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या विकराला कार्यरत करते.

हे विकर पेशीच्या ऊर्जाव्यवहारातल्या नाक्यावर बसलेले असते. ग्लुकोज मोडून पायरुव्हेट तयार होते, तिथपर्यंतचे काम पेशीद्रव्यात चालते. त्यापुढे दोन वाटा फुटतात. पायरुव्हेट एकतर पेशीद्रव्यातच लॅक्टिक आम्ल होऊन बाहेर पडते, किंवा तंतुकणिकेत शिरून या विकराच्या मदतीने क्रेब्स चक्रात जाते आणि पूर्ण जळते. या दुसऱ्या वाटेच्या दाराला एक कडी आहे. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज कायनेज, म्हणजेच पीडीके, नावाचे दुसरे विकर पहिल्या विकराला फॉस्फेट चिकटवून त्याचे काम थांबवते. शरीरात या पीडीकेचे चार प्रकार आहेत. डीसीए पीडीकेला अडवते, म्हणजे दारावरची कडी काढते. मग पायरुव्हेट तंतुकणिकेत जाऊ लागते आणि लॅक्टिक आम्ल कमी होते.

लॅक्टिक आम्ल कमी करणारे औषध म्हटल्यावर ते ज्यांच्या रक्तात हे आम्ल घातक प्रमाणात साचते अशा रुग्णांना देऊन पाहणे ओघानेच आले. स्टॅकपूल यांनी १९८३ मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये २५२ अत्यवस्थ रुग्णांवरची नियंत्रित चाचणी पूर्ण झाली, तेव्हा चित्र बदलले. रक्तातले आम्ल उतरले, पण रुग्ण वाचण्याचे प्रमाण वाढले नाही. तपासणीतला आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. दुसरी नोंदही महत्त्वाची होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, दीर्घकाळ डीसीए घेतलेल्या एका रुग्णाच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाला होता. मेलास या तंतुकणिकांच्या आनुवंशिक रोगावर न्यूयॉर्कमध्ये ३० रुग्णांना घेऊन चाचणी झाली. हातापायांतल्या मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा इतका वाढला की ती मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर वर्षभराच्या आतच डीसीए ‘निर्धोक’ म्हणून गाजले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या एडमंटन शहरात एव्हान्जेलोस मिखेलाकिस हे हृदयरोगतज्ज्ञ फुप्फुसांच्या धमन्यांतल्या उच्च रक्तदाबाचा अभ्यास करत होते. या विकारात धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढत राहतात, मरायच्या वेळी मरत नाहीत आणि धमनी अरुंद होत जाते. मिखेलाकिस आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन आर्चर यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की कमी ऑक्सिजनमुळे उंदरांत उद्भवणारा हा विकार डीसीएने टळतो आणि झालेला उतरतोही. मरायला तयार नसलेली पेशी हे कर्करोगाचेही लक्षण. तेव्हा ज्या संयुगाने धमनीतल्या अशा पेशींना वळणावर आणले ते गाठीतल्या पेशींवर का वापरू नये, हा प्रश्न हृदयाच्या डॉक्टरांना पडला. कर्करोगतज्ज्ञांना तो आधी पडला नाही, कारण वारबुर्ग यांचे अनुमान त्यांनी केव्हाच बाजूला ठेवले होते.

एडमंटनच्या प्रयोगशाळेत माणसाच्या तीन कर्करोगांच्या पेशी घेतल्या गेल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाची ए५४९, स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७ आणि ग्लायोब्लास्टोमाची एम०५९के. यातली शेवटची त्याच शहरातली होती. एडमंटनच्या क्रॉस कर्करोग संस्थेत एका रुग्णाच्या गाठीतून दोन पेशीवंश वेगळे केले गेले होते, त्यांतला हा एक. तुलनेसाठी निरोगी पेशी होत्या. तंतुकणिकांची अवस्था पाहण्यासाठी पेशींना एक चमकणारे रंगद्रव्य दिले गेले. तंतुकणिकेच्या पटलावर विद्युतभार जितका जास्त तितके ते आत साठते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तितकी लाल चमक दिसते. तिन्ही कर्करोगांच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ठळकपणे अधिक चमकत होत्या. द्रावणात डीसीए मिसळल्यावर ही चमक उतरू लागली आणि निरोगी पेशींच्या पातळीजवळ आली. निरोगी पेशींच्या चमकेत फरक पडला नाही.

या चमकेला अर्थ आहे. पटलावरचा भार अति वाढलेला असला की तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी सारखी, पेशीला मरणाचा संदेश देणारी द्रव्ये बाहेर पडणे अवघड होते. बिघडलेल्या पेशीला शरीर अशा नियोजित मृत्यूने संपवते. गाठीच्या पेशीने तंतुकणिका मंदावून तो मार्गच बंद केलेला असतो. डीसीएने पायरुव्हेट पुन्हा आत ढकलले, पटलावरचा भार उतरला, हायड्रोजन पेरॉक्साइड वाढले, पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियम वाहिन्या उघडल्या आणि नियोजित मृत्यूची यंत्रणा पुन्हा चालू झाली, अशी साखळी या गटाने मांडली. वारबुर्ग यांचे निरीक्षण अशा रीतीने नव्या अर्थाने परत आले. तंतुकणिका मोडलेल्या नसतात, बंद ठेवलेल्या असतात, आणि बंद ठेवलेली गोष्ट पुन्हा चालू करता येते. हा शोधनिबंध ‘कॅन्सर सेल’ या नियतकालिकाच्या जानेवारी २००७ च्या अंकात आला. पहिले नाव सेबास्टियन बोने यांचे होते. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या पाण्यात डीसीए मिसळल्यावर त्यांच्या गाठींची वाढ मंदावल्याचेही त्यात होते. पण त्या गाठी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या होत्या. मेंदूच्या गाठीच्या पेशींवरचा पुरावा तेव्हा काचेच्या बशीपुरताच होता.

बातमी मात्र बशीपुरती राहिली नाही. लंडनच्या ‘न्यू सायंटिस्ट’ने स्वस्त आणि निर्धोक औषध बहुतेक कर्करोग मारते अशा आशयाचा मथळा दिला आणि तो जगभर पसरला. पेटंट नसल्याने औषध कंपन्यांना यात रस नाही, हा मजकूरही त्याच्या सोबत गेला. त्यात तथ्य होते. कोणालाही बनवता येणाऱ्या रेणूवर मोठा खर्च करून चाचण्या घेण्यात कंपनीचा फायदा नसतो. मात्र कर्करोगासाठीच्या वापराचे पेटंट विद्यापीठाने स्वतः मागितले होते, ही गोष्ट त्या गदारोळात क्वचितच सांगितली गेली. औषध दडपले जात आहे अशी समजूत झाली आणि हताश रुग्णांनी स्वतःच मार्ग शोधला. कॅलिफोर्नियातील एका विक्रेत्याने पाळीव जनावरांसाठी असल्याचे सांगून डीसीएची भुकटी इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. ही भुकटी घेणारी माणसे स्वतःच्या अंदाजाने मात्रा ठरवत होती, नसांवर होणाऱ्या परिणामांवर कोणाची देखरेख नव्हती आणि मिळणाऱ्या मालाच्या शुद्धतेची खात्रीही नव्हती. जुलै २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती विक्री थांबवली. मिखेलाकिस यांच्या गटानेही स्वतःहून डीसीए घेऊ नका, असे लोकांना वारंवार सांगितले. मरणाच्या दारातल्या माणसाने भुकटी मागवावी यात त्याचा दोष नाही. दोष त्याला ती विकणाऱ्याचा आहे.

चाचणीसाठी पैसा उभा राहिला तो मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून. अल्बर्टातल्या छोट्या गावांनी वर्गणी काढली, रुग्णांच्या नातेवाइकांनी धनादेश पाठवले. कॅनडाच्या आरोग्य खात्याने सप्टेंबर २००७ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांवर चाचणीला परवानगी दिली. तिचे निष्कर्ष १२ मे २०१० रोजी ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या गाठीवरील डीसीएच्या परिणामांचा आजवरचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हाच आहे, म्हणून तो जरा बारकाईने पाहिला पाहिजे.

त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ४९ रुग्णांच्या ग्लायोब्लास्टोमाच्या गाठी शस्त्रक्रियागृहातून ताज्या मिळवून तपासल्या गेल्या. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आक्षेप घेता येतो की त्या मूळ रोगापासून दूर गेलेल्या असतात. इथे तो आक्षेप उरला नाही. या ४९ गाठींमध्येही तंतुकणिकांच्या पटलावरचा भार वाढलेला होता आणि डीसीए दिल्यावर तो काही मिनिटांत उतरला. गाठ पुन्हा उगवायला ज्या मूलपेशींसारख्या पेशी कारण ठरतात असे मानले जाते, त्यांच्यातही नियोजित मृत्यू दिसला. दुसऱ्या भागात पाच रुग्ण होते. तिघांची गाठ आधीचे सगळे उपचार होऊनही परतलेली होती. दोघांचे निदान नुकतेच झाले होते आणि त्यांना डीसीएसोबत किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडही मिळाले. डीसीए तोंडाने दिले गेले, जास्तीत जास्त १५ महिने.

परतलेल्या गाठीच्या तीन रुग्णांपैकी एक, ज्याची गाठ आधीच फार मोठी झाली होती, तीन महिन्यांनी गेला. उरलेले चौघे दीड वर्षाच्या टप्प्यावर हयात होते आणि काहींच्या स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसली. उपचाराआधी आणि नंतर पुन्हा झालेल्या शस्त्रक्रियेत मिळालेल्या ऊतींची तुलना करता आली, हे या अभ्यासाचे बलस्थान आहे. नंतरच्या ऊतींत पेशींची वाढ कमी, पेशींचा मृत्यू अधिक आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारा एचआयएफ हा घटक घटलेला होता. म्हणजे तोंडाने घेतलेले संयुग माणसाच्या मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचते आणि प्रयोगशाळेत दिसले तेच काही अंशी तिथेही करते, हे दाखवले गेले. रक्त, यकृत, मूत्रपिंड आणि हृदय यांना अपाय झाला नाही. नसांचा त्रास झाला, पण मात्रा कमी केल्यावर तो ओसरला. अखेरीस किलोमागे ६.२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही मात्रा बहुतेकांना सोसली.

यातून डीसीएने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही. पाच रुग्ण, तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि दोघांना रूढ उपचारही मिळालेले; यावरून तसा निष्कर्ष काढताच येत नाही. लेखकांनी स्वतः तसे म्हटलेलेही नाही. जगभर फिरलेल्या बातम्यांनी ते त्यांच्या तोंडी घातले.

रक्तातली मात्रा पुरेशी चढायला जवळपास तीन महिने लागतात, हेही याच अभ्यासातून कळले. त्याचे कारण विलक्षण आहे. यकृतातले जे विकर डीसीएचा निचरा करते त्याला जीएसटीझेड-१ म्हणतात, आणि डीसीए हळूहळू त्याच विकराला निकामी करते. त्यामुळे पहिले काही दिवस घेतलेले औषध भराभर निघून जाते आणि पुढे तीच मात्रा रक्तात साचू लागते. जीएसटीझेड-१ चे जनुक सर्वांमध्ये सारखे नसते, म्हणून एकाला सोसणारी मात्रा दुसऱ्याच्या नसा बिघडवते. स्टॅकपूल यांच्या गटाने यावर उपाय काढला. आधी जनुक तपासायचे आणि त्यानुसार मात्रा ठरवायची. मेंदूच्या परतलेल्या घातक गाठी असलेल्या १५ प्रौढांवर फ्लोरिडात अशी चाचणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्यांपैकी आठ जणांचे मूल्यमापन होण्याइतका काळ उपचार झाला. जनुकानुसार मात्रा दिल्यास औषध सोसते, एवढा निष्कर्ष तिने दिला. तो मर्यादित असला तरी पुढच्या प्रत्येक चाचणीला आधार देणारा होता. इंटरनेटवरून भुकटी मागवणाऱ्याला आपले हे जनुक कोणते आहे हे कळायचा मार्ग नव्हता.

दरम्यान प्रतिकूल पुरावाही जमत गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या फ्रेडरिक येथील गटाने २०१० मध्ये नोंदवले की बऱ्याच कर्करोग पेशी मारायला डीसीएची फार मोठी सांद्रता लागते. एडमंटनच्या २००७ च्या प्रयोगांत लिटरमागे अर्धा मिलिमोल डीसीए वापरले होते. फ्रेडरिकच्या गटाला त्याच्या कित्येक पट लागले. इतके माणसाच्या रक्तात चढवताच येत नाही. कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग झाले. तिथे ऑक्सिजनची टंचाई असलेल्या स्थितीत डीसीएने पेशींचा मृत्यू वाढण्याऐवजी घटला. कॅलिफोर्नियातील एका चाचणीत मुख्यतः फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाचे सातच रुग्ण घेतले गेले होते. उपचार सुरू झाल्यावर लवकरच दोघांचा अनपेक्षित मृत्यू झाला आणि ती थांबवावी लागली. उंदरांना दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास डीसीए यकृतात गाठी निर्माण करते हे १९८० च्या दशकापासून माहीत होते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याची गणना माणसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत करते. हे सगळे बाजूला सारून डीसीएला निर्दोष म्हणणे आणि हे सगळे पुढे करून ते निरुपयोगी ठरवणे, दोन्ही घाईचे आहे. कर्करोग हा एक रोग नाही. एका गाठीत पीडीकेची कडी लावलेली असते, दुसरीत नसते, आणि कोणत्या गाठीत ती आहे हे आधी ओळखता आले तरच असे औषध नेमके वापरता येईल.

ते ओळखण्याची साधने हळूहळू येत आहेत. विशेष प्रकारे चुंबकित केलेल्या कार्बन-१३ ने खूण केलेले पायरुव्हेट रक्तात सोडून, ते शरीरात लॅक्टिक आम्ल होते की तंतुकणिकेत जळते, हे एमआरआयवर पाहता येते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मेंदूत ग्लायोमा, म्हणजे ग्लायोब्लास्टोमाच्याच कुळातली गाठ, असलेल्या उंदरांवर डीसीए देण्याआधी आणि दिल्यानंतर ही तपासणी केली. डीसीएनंतर पायरुव्हेट तंतुकणिकेकडे वळल्याचे थेट दिसले. वारबुर्ग यांना काचनळीतल्या द्रवाच्या पातळीवरून जे कळले ते आता कवटी न उघडता पाहता येते.

पेशीच्या चयापचयावर घाव घालण्याच्या या विचाराला मेंदूच्या गाठींत यश आले, पण ते दुसऱ्या वाटेने. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमांच्या जनुकांचे वाचन करताना काही गाठींत आयडीएच-१ या चयापचयातल्याच विकराच्या जनुकात बदल सापडला. २०२१ च्या जागतिक वर्गवारीने असा बदल असलेल्या गाठींना ग्लायोब्लास्टोमातून वेगळे काढले. या बदललेल्या विकराला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाची ३३१ रुग्णांवर चाचणी झाली. संथ वाढणाऱ्या ग्लायोमांमध्ये रोग न बळावता जाणारा मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. व्होरासिडेनिब हा नव्याने घडवलेला, पेटंट असलेला रेणू आहे आणि त्याच्यामागे कंपनी उभी होती. डीसीएच्या मागे कंपनी नव्हती, म्हणून ते मागे पडले असे म्हणणे अर्धे खरे आहे. दुसरे अर्धे असे की आयडीएचमधला बदल कोणत्या गाठीत आहे हे आधीच तपासता येते. डीसीएसाठी तशी खूण अजून हाती आलेली नाही.

डीसीएचे संशोधन थांबलेले नाही. फ्लोरिडा विद्यापीठाने परतलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांसाठी अशी चाचणी आखली, की पुन्हा शस्त्रक्रिया ठरलेल्या काही रुग्णांना आधी सुमारे एक आठवडा जनुकानुसार ठरवलेल्या मात्रेत डीसीए द्यायचे, काहींना द्यायचे नाही, आणि काढलेल्या गाठींत पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे विकर खरोखर मोकळे झाले का हे मोजायचे. २०१० मध्ये मोजक्या ऊतींवरून जे अनुमान केले गेले त्याची नीट तुलना करून तपासणी करण्याचा हा मार्ग आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे दोन मोठे गट करून, एकाला रूढ उपचार आणि दुसऱ्याला त्यासोबत डीसीए देऊन, कोण किती जगले हे पाहणारी चाचणी मात्र आजवर झालेली नाही. तोवर डीसीए हे मेंदूच्या गाठीवरचे मान्यताप्राप्त औषध नाही. ज्या रुग्णाला ते घ्यायचे असेल त्याने ते नोंदणीकृत चाचणीत, जनुकतपासणी आणि नसांवरची देखरेख असतानाच घ्यावे.